जनुकीय विचलन: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकणारी मुले, ‘नीट’ची तयारी करणारे विद्यार्थी, जत-आटपाडीकडचे मेंढपाळ आणि कासच्या सड्यावर फुले बघायला येणारी मंडळी यांचे प्रश्न वेगवेगळे असतात, पण फिरून एकाच जागी येतात. उत्क्रांती म्हटले की ‘जो सक्षम तो टिकला’ एवढेच आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. संख्या कमी असली की सक्षम असूनही नाहीसे होता येते आणि काही विशेष गुण नसतानाही सगळीकडे पसरता येते, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत लहान लहान कळप, एकेकटी पठारे आणि तुटक जंगले भरपूर आहेत, म्हणून हा विषय इथे नीट समजायला हवा असे मला मनापासून वाटते.

जनुकीय विचलन म्हणजे नेमके काय?

एकाच जनुकाची जी वेगवेगळी रूपे एखाद्या समुदायात आढळतात, त्यांना अ‍ॅलील म्हणतात. पुढच्या पिढीत कोणते अ‍ॅलील किती प्रमाणात उतरेल, हे काही अंशी निव्वळ योगायोगावर ठरते. एखादी मेंढी दरड कोसळून मेली, दुसरीला जुळे झाले, एखाद्या रोपाचे बी मातीऐवजी कातळावर पडले. यात त्यांच्या जनुकांचा गुणही नसतो आणि दोषही नसतो. शिवाय आईबापांकडे प्रत्येक जनुकाच्या दोन-दोन प्रती असल्या तरी पिलाला दोघांकडून एकेकच मिळते, आणि ती कोणती मिळेल याचा काही नेम नसतो. या सगळ्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या अ‍ॅलीलच्या प्रमाणात जो दिशाहीन चढउतार होत राहतो, तेच जनुकीय विचलन. याचे गणित विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुअल राइट आणि रोनाल्ड फिशर यांनी बसवले.

अ‍ॅलीलची वारंवारता कशी काढतात?

पन्नास मेंढ्या असतील तर त्या जनुकाच्या शंभर प्रती झाल्या. त्यातल्या तीस प्रती एका रूपाच्या असतील तर त्या रूपाची वारंवारता ०.३. प्राणी मोजायचे नाहीत, प्रती मोजायच्या. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

हे वर्गात करून दाखवता येईल का?

येईल, आणि खर्च काहीच नाही. साधारण एकाच आकाराचे वीस चिंचोके घ्या आणि त्यातल्या दहांवर पेनाने फुली मारा. पिशवीत घालून न बघता एक काढा, फुली आहे की नाही ते लिहा आणि परत पिशवीत टाका. असे वीस वेळा करा. समजा तेरा वेळा फुलीचा चिंचोका आला, तर पुढच्या पिढीची पिशवी तेरा फुल्यांचे आणि सात कोरे अशी भरा, आणि पुन्हा वीस वेळा काढा. वर्गात सहा-सात गट करून प्रत्येकाला आपापली पिशवी दिली तर फारच छान. सगळ्यांची सुरुवात सारखी असते, पण काही पिढ्यांतच एका गटाकडे फुल्या वाढतात, दुसऱ्याकडे घटतात, आणि पुरेसा वेळ दिला तर कुठल्यातरी पिशवीत एकाच प्रकारचे चिंचोके उरतात. मग मुलांना विचारा, फुलीने चिंचोका अधिक ‘सक्षम’ झाला होता का? हा एक प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांपेक्षा जास्त काम करतो.

समुदाय किती लहान असला की फरक जाणवतो?

नियम असा: एका पिढीत वारंवारता किती सरकेल, हे प्रतींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. पैदास करणारे दहा जीव असतील तर प्रती वीस. सुरुवातीची वारंवारता ५० टक्के असेल तर एका पिढीत ती साधारण ११ टक्क्यांनी इकडे किंवा तिकडे सरकू शकते. हजार जीव असतील तर हाच आकडा साधारण १ टक्का. म्हणजे मोठ्या समुदायातही विचलन होतच असते, फक्त त्याची पावले बारीक असतात. ‘विचलन फक्त लहान समुदायात होते’ हे उत्तर म्हणून चुकीचे आहे.

मग शेवटी होते काय?

बाहेरून नवे काही आले नाही आणि नवे उत्परिवर्तनही (जनुकात अचानक होणारा बदल) झाले नाही, तर आज ना उद्या प्रत्येक जनुकाचे एकच रूप उरते आणि बाकीची कायमची जातात. कोणते उरेल हे आधी सांगता येत नाही, पण शक्यता सांगता येते. ज्या अ‍ॅलीलचा टिकण्याशी काही संबंध नाही, त्याची आजची वारंवारता हीच ते शेवटी एकटे उरण्याची शक्यता. आज १० टक्के असेल तर दहात एक.

दुसरा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. समुदायातली विविधता, म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रती बाळगणाऱ्यांचे प्रमाण, दर पिढीला ‘एक भागिले दोनदा संख्या’ इतक्या अंशाने घटते. दहा जीवांत हे दर पिढीला ५ टक्के, पन्नास जीवांत १ टक्का. दहाच जीव चौदा पिढ्या एकमेकांतच वाढले तर सुरुवातीची जवळपास निम्मी विविधता संपलेली असते.

हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे, की नुसते गणितच?

पाहिले आहे, आणि तो प्रयोग इतका साधा नि देखणा आहे की तो सविस्तर सांगायला हवा. पीटर बुरी या अमेरिकी संशोधकाने १९५६ मध्ये फळमाश्यांवरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने माश्यांचे १०७ स्वतंत्र गट केले. प्रत्येक गटात आठ नर आणि आठ माद्या, म्हणजे जनुकाच्या ३२ प्रती. डोळ्यांच्या रंगावर परिणाम करणाऱ्या एका जनुकाची दोन रूपे त्याने निवडली आणि प्रत्येक गटात दोन्ही निम्मी-निम्मी ठेवली. डोळ्यांचा रंग बघूनच माशीकडे कोणत्या प्रती आहेत हे ओळखता येत होते. दर पिढीला जन्मलेल्या माश्यांतून न निवडता आठ नर आणि आठ माद्या उचलायच्या आणि पुढची पिढी त्यांच्यापासून वाढवायची, असे त्याने एकोणीस पिढ्या केले.

शेवटी ३० गटांतून एक रूप पूर्ण नाहीसे झाले होते. २८ गटांत तेच रूप एकटे उरले होते. बाकीच्या ४९ गटांत दोन्ही शिल्लक होती, पण प्रमाण वाटेल तसे विखुरलेले. आणि सगळ्या गटांची मिळून सरासरी काढली तर? ती अजूनही निम्म्याच्याच आसपास. विचलनाला कोणतीच बाजू प्यारी नसते याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. आणखी एक बाब: बदलाचा वेग सोळा माश्यांच्या गणितापेक्षा जास्त होता, कारण सगळ्याच माश्यांची संतती सारखी नसते. मेंढ्यांच्या प्रश्नात हा मुद्दा पुन्हा येईल.

नैसर्गिक निवड आणि विचलन यांत जिंकते कोण?

संख्या आणि फायदा किती यावर ते ठरते. एखाद्या अ‍ॅलीलचा फायदा वा तोटा ‘एक भागिले दोनदा संख्या’ यापेक्षा बराच कमी असेल, तर त्याच्या बाबतीत योगायोगाचीच सत्ता चालते. पन्नास जीवांच्या समुदायात १ टक्क्याच्या आतबाहेरचे फायदे-तोटे असे झाकले जातात. थोडेसे अपायकारक अ‍ॅलीलही त्यात पसरू शकते.

मोठ्या समुदायातही नव्या उत्परिवर्तनाची पहिली पावले योगायोगाचीच असतात. एखादे उत्परिवर्तन एकाच प्रतीत उगवले आणि त्याचा फायदाही नाही, तोटाही नाही, तर ते अगदी पुढच्याच पिढीत नाहीसे होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. १ टक्का फायद्याचे उत्परिवर्तनसुद्धा शंभरात साधारण दोनदाच शेवटपर्यंत पोहोचते. हा हिशेब १९२७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडला. पुढे १९५७ मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. रेणूंच्या पातळीवरचे बहुतांश बदल निवडीने नव्हे तर विचलनाने पसरलेले असतात, हा सिद्धान्त जपानच्या मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडला.

आमच्या भागात माडग्याळी मेंढ्या भरपूर आहेत. मग काळजी कशाची?

जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढ्या उंच बांध्याच्या आणि बाकदार नाकाच्या. चांगल्या मेंढ्याला बाजारात लाखांत किंमत मिळते, आणि गोम नेमकी तिथेच आहे. नामांकित मेंढा म्हटला की चार वाड्यांवरच्या मेंढ्या त्याच्याकडेच येतात. कळपात मेंढ्या किती आहेत यापेक्षा बाप किती आहेत, हे विचलनाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे.

गणित असे: नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. पाच मेंढे आणि पाचशे मेंढ्या असतील तर उत्तर जेमतेम २० येते. डोळ्यांना ५०५ जनावरे दिसतात, पण विचलनाच्या हिशेबी तो वीस जनावरांचाच कळप असतो. याला परिणामी संख्या म्हणतात. मेंढे पाचाचे वीस केले तर ही संख्या ७७ च्या आसपास जाते. मेंढी एकही न वाढवता, फक्त मेंढे वाढवून! खिल्लार जनावरांत एकाच वळूला मागणी आली, किंवा कृत्रिम रेतनासाठी मोजक्याच वळूंच्या कांड्या सगळीकडे गेल्या, तरी हिशेब हाच.

दुष्काळ या संख्येला आणखी खाली खेचतो. समजा एखाद्या भागात चार पिढ्या हजार-हजार जनावरे पैदाशीत होती आणि मधल्या एकाच पिढीत दुष्काळाने ती दहावर आली. पाच पिढ्यांची साधी सरासरी आठशेच्या वर निघते, पण परिणामी संख्या फक्त ४८. कारण इथे सरासरी हरात्मक लागते (प्रत्येक संख्येने एकाला भागून आलेल्या उत्तरांची सरासरी काढायची आणि तिने पुन्हा एकाला भागायचे), आणि तिच्यात सर्वांत वाईट साल सगळ्यांवर भारी पडते. १९७२ चा दुष्काळ माण-खटाव-आटपाडी-जतने पाहिलेला आहे. चारा छावणीत जगवलेली जनावरे म्हणजे त्या हंगामाचे दूध किंवा औतकाम एवढेच नव्हे, पुढच्या सगळ्या पिढ्यांची विविधताही त्यांच्यातच असते.

‘संस्थापक परिणाम’ आणि ‘अडचणीची मान’ यांत फरक काय?

थोडे जीव वेगळे होऊन नव्या जागी वसले, तर तो संस्थापक परिणाम. आहे त्याच जागी संख्या एकाएकी घटली आणि मग पुन्हा वाढली, तर ती अडचणीची मान. दोन्हीचे मूळ एकच: मोजक्या जीवांनी पुढच्या सगळ्यांचे आईबाप होणे.

पहिल्याचे उदाहरण आपल्याकडे कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवर आहे. सागरेश्वर अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे, माणसांनी उभे केलेले, कुंपणाच्या आत, आणि तिथली हरणे बाहेरून आणून सोडलेली. आज कळप मोठा दिसला तरी त्याच्याकडची अ‍ॅलील सुरुवातीला आणलेल्या जनावरांकडे होती तेवढीच, आणि कुंपणामुळे नवे रक्त आपसूक येण्याची सोय नाही. माळरानावर जंगल उभे करणाऱ्या लोकांविषयी मला फार आदर आहे. म्हणूनच पुढचा विचार हरणांच्या संख्येपलीकडे जावा असे वाटते.

दुसऱ्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे उत्तरेकडचे हत्ती-सील. चरबीसाठी झालेल्या शिकारीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मोजकेच उरले होते. संरक्षणानंतर ते लाखाच्या वर गेले. पण १९७४ मध्ये त्यांच्या २४ जनुकस्थानांची तपासणी झाली, तेव्हा एकातही विविधता सापडली नाही.

कासच्या सड्याचा याच्याशी काय संबंध?

कास, चाळकेवाडी, पाचगणी ही कातळाची पठारे नकाशावर जवळजवळ दिसतात. पण वायतुऱ्यासारख्या वनस्पतीला पठारावरचे पाणथळ डबकेच लागते, आणि मधल्या दऱ्या तिच्या दृष्टीने समुद्रासारख्या असतात. परागकण आणि बी पलीकडे क्वचितच पोहोचते. त्यामुळे प्रत्येक सड्यावरचा समुदाय आपापल्या योगायोगाने बदलत जातो, अगदी बुरीच्या माश्यांच्या गटांसारखा. दोन पठारांवरच्या रोपांत फरक आढळला की ‘तिथले हवामान वेगळे असेल’ असे लगेच म्हणू नये. नुसत्या विचलनानेही फरक पडतो. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. फुलांत बसून फोटो काढताना शंभर रोपे तुडवली गेली तर एका छोट्या डबक्यापाशी तो तिथल्या समुदायाचा मोठा हिस्सा असू शकतो. कृपा करून पायवाट सोडू नका.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात बाहेरून वाघीण का आणली?

कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प झाला. इथे वाघ अगदी तुरळक होते, म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यातून वाघीण आणण्यात आली. मोजके वाघ एकमेकांतच वाढले तर काय होते, ते ओडिशाच्या सिमलीपालमध्ये दिसते. तिथे सुमारे ३७ टक्के वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले आहेत, वाघ जवळपास काळाच दिसतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचे कारण शोधले: एका जनुकातले एकच उत्परिवर्तन, जे एरवी दुर्मिळ, ते या एकाकी समुदायात वाढत गेले. काळा वाघ पाहायला पर्यटकांची गर्दी होते, पण ते त्या समुदायाच्या एकटेपणाचे लक्षण आहे.

‘आठ वाघ आणले तर पुरे का?’ असेही विचारतात. नात्यात नसलेले आठ वाघ मूळ समुदायाची सुमारे ९४ टक्के विविधता घेऊन येतात. सुरुवात म्हणून हे उत्तम. पण मूळ समुदायात ५ टक्के असलेले एखादे दुर्मिळ अ‍ॅलील त्या आठांत मुळीच नसण्याची शक्यता ४४ टक्के. आणि संख्या पुढे आठ-दहावरच अडली तर दर पिढीला गळती सुरू. म्हणून राधानगरीमार्गे गोवा-कर्नाटकाकडे जाणारी जंगलाची सलग पट्टी राखणे वाघ सोडण्याइतकेच निकडीचे आहे.

घरचे बी धरताना हे लागू होते का?

बाजरीला होते, कारण तिच्यात परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. माणदेशात कोणी पाच-सहाच भरदार कणसे काढून बी धरत असेल, तर कणीस मोठे मिळेल, पण दुष्काळ सोसणारी वा रोगाला दाद न देणारी रूपे नकळत सुटून जातील. शंभरभर झाडांची कणसे मिसळून बी धरावे. हळद मात्र कंदावर आणि द्राक्षे काडीवर लावतात. तिथे प्रत्येक पिढीत प्रतींची नवी वाटणी होत नाही, म्हणून हा हिशेब तसाच्या तसा लावू नये.

माणसांतही असे घडते का?

घडते. प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ झाले आणि जेमतेम वीस माणसे वाचली. त्यांच्यातल्या एकाकडे रंग मुळीच न दिसण्याचे अ‍ॅलील होते. आज तिथे शेकडा पाच ते दहा जणांना हा त्रास आहे. जगात इतरत्र तो हजारोंत एखाद्याला असतो.

भारतात जातीतच लग्न करण्याच्या शतकानुशतकांच्या रीतीने समाजाचे असेच कप्पे पडले. कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइख आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८१ समूहांत संस्थापक परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र होता, आणि त्यांपैकी काहींची आजची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. कोणत्याही समाजाला यात कमीपणा नाही. कोणते आजार कुठे तपासावेत हे यावरून कळते, एवढाच त्याचा उपयोग करावा.

मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न करणे म्हणजे विचलनच ना?

नाही. नात्यातल्या लग्नाने अ‍ॅलीलची वारंवारता बदलत नाही. एकाच रूपाच्या दोन्ही प्रती एका मुलात एकत्र येण्याची शक्यता मात्र वाढते, म्हणून दबलेले आजार वर येतात. वारंवारता बदलते ती विचलनाने. लहान समाजात विचलनाने एखादे घातक अ‍ॅलील वाढलेले असेल आणि वर नात्यातली लग्ने होत असतील, तर दोन्ही एकमेकांत भर घालतात. घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल तर लग्न ठरवण्यापूर्वी रक्त तपासून आनुवंशिक सल्ला घ्या. दोन कुटुंबांचे पुढचे दुःख त्याने टळू शकते.

विचलन थांबवता येते का? मेंढपाळाने काय करावे?

पूर्ण थांबत नाही, पण आवरता येते. सुअल राइटच्या गणितानुसार दोन समुदायांत दर पिढीला एखाद-दुसऱ्या जीवाची देवाणघेवाण आणि त्यांची पैदास झाली, तरी ते एकमेकांपासून फार दूर जात नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडातले पँथर, म्हणजे तिथले पुमा, वीस-तीसच उरले होते, शेपट्या वाकलेल्या, नरांत दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. पिले सुदृढ झाली आणि संख्या अनेक पटींनी वाढली.

कळपापुरते बोलायचे तर एकाच मेंढ्यावर सगळा वाडा सोपवू नका, चार-पाच तरी वेगवेगळ्या आयांचे मेंढे ठेवा. मेंढा दोन-तीन वर्षांनी बदला, आणि नवा घेताना तो त्याच नामांकित बापाचा नाही ना, हे विचारून घ्या. खरसुंडीच्या यात्रेत किंवा जतच्या बाजारात दूरच्या गावचा, त्याच जातीचा मेंढा मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या. कोणता मेंढा कोणत्या मेंढीला दाखवला, त्याची नोंद वहीत तारखेसह ठेवा. पुढच्या खेपेला नाते शोधायला तीच वही लागेल.